बायोलिंक: सरकारी पैशातून विद्यापीठांनी जमवलेला हृदयरोगाचा डेटा मागवताना आणि वापरताना

हृदयरोगावरचं मोठं संशोधन एका विभागाच्या आवाक्यातलं नसतं. हजारो माणसांची दर काही वर्षांनी तपासणी, ईसीजी, रक्ताचे नमुने, मृत्यूच्या कारणांची पडताळणी, आणि हे सगळं दशकानुदशकं न थांबता करायचं असतं. अमेरिकेत या कामाचा मोठा खर्च नॅशनल हार्ट, लंग अँड ब्लड इन्स्टिट्यूट (पुढे एनएचएलबीआय) ही सरकारी संस्था उचलते आणि प्रत्यक्ष काम विद्यापीठं करतात. त्या खर्चातून जमलेला डेटा आणि नमुने इतर संशोधकांना मिळावेत म्हणून २००८ पासून चालवलेली सेवा म्हणजे बायोलिंक. नमुन्यांचा साठा १९७५ पासूनचा आणि डेटाचा २००० पासूनचा. बायोलिंकने दोन्हींसाठी एकच दार केलं.

आमचं मत आधीच सांगतो. डेटा फुकट आहे, सोबतची कागदपत्रं बहुतेक ठिकाणी चोख आहेत, आणि अर्जाची प्रक्रिया किचकट असली तरी त्यामागची कारणं रास्त आहेत. सांख्यिकी, सार्वजनिक आरोग्य किंवा हृदयरोगशास्त्रात पदव्युत्तर काम करणाऱ्याला यापेक्षा चांगला सार्वजनिक साठा क्वचितच मिळेल. पण डेटा हातात आला म्हणजे संशोधन निम्मं झालं, अशी समजूत असेल तर इथे पदरी निराशाच येईल. हे अभ्यास कसे झाले हे न वाचता केलेलं गणित हमखास चुकतं, आणि कुठे चुकतं तेच खाली तपशिलात लिहिलं आहे.

साठ्यात काय आहे ते थोडक्यात. १९४८ मध्ये ५,२०९ लोकांना घेऊन सुरू झालेला फ्रेमिंगहॅम अभ्यास आणि १९७१ पासूनची त्यांच्या मुलांची पिढी. १९८५-८६ मध्ये १८ ते ३० वयाच्या ५,११५ तरुणांपासून सुरू झालेला कार्डिया. १९८७ ते ८९ मध्ये १५,७९२ जण घेतलेला एरिक. २००० ते २००२ मध्ये ४५ ते ८४ वयाचे ६,८१४ जण घेतलेला मेसा. शिवाय मोठ्या क्लिनिकल ट्रायल: रक्तदाबाच्या औषधांची तुलना करणारी ऑलहॅट, मधुमेहींवरची अकॉर्ड, डिजॉक्सिन या औषधावरची डिग, स्पायरोनोलॅक्टोन या औषधावरची टॉपकॅट, आणि रक्तदाब किती खाली आणावा हे तपासणारी स्प्रिंट. प्रत्येक अभ्यासाचं स्वतंत्र पान आहे. त्यावर उद्देश, सहभागींची संख्या, निष्कर्ष आणि कागदपत्रांची यादी दिसते. नोंदणी न करता एवढं पाहता येतं, आणि अर्ज करण्याआधी ते नीट पाहायलाच हवं.

हा पैसा विद्यापीठांपर्यंत कसा जातो, हे डेटा समजून घ्यायला फार उपयोगी पडतं. मोठ्या कॉहोर्टसाठी (म्हणजे त्याच माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासासाठी) एनएचएलबीआय बहुतेकदा साधं अनुदान देत नाही, कंत्राट देते. प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या केंद्रांशी वेगळं कंत्राट, डेटा एकत्र करून तपासणाऱ्या समन्वय केंद्राशी वेगळं, प्रयोगशाळा आणि ईसीजी वाचणाऱ्या केंद्रांशी वेगळं. एरिकचंच उदाहरण घ्या. चार तपासणी केंद्रं: मिसिसिपीतलं जॅक्सन, नॉर्थ कॅरोलिनातली फोर्सिथ काउंटी, मिनियापोलिसची उपनगरं आणि मेरिलँडमधली वॉशिंग्टन काउंटी. समन्वय केंद्र चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात. यातल्या जॅक्सनमध्ये फक्त कृष्णवर्णीय सहभागी घेतले गेले, मिनियापोलिस आणि वॉशिंग्टन काउंटीतले जवळजवळ सगळे गोरे, आणि दोन्ही समाज लक्षणीय संख्येने आले ते फक्त फोर्सिथमध्ये. म्हणजे या डेटात वंश आणि केंद्र एकमेकांत गुंतलेले आहेत. मॉडेलमध्ये दोन्ही स्वतंत्र चल म्हणून टाकले तर कुठला परिणाम वंशाचा आणि कुठला गावाचा, दवाखान्याचा, उत्पन्नाचा, हे सुटं करता येत नाही. म्हणूनच एरिकवर काम करणारे ‘वंश-केंद्र’ असा एकच जोडचल वापरतात. ही गोष्ट डेटाच्या स्तंभांकडे नुसतं पाहून कळत नाही. कंत्राट कुणाला मिळालं आणि माणसं कुठून निवडली, हे वाचलं तरच कळते.

आता शिकण्यासाठीच्या संचांकडे वळू, कारण बहुतेकांची सुरुवात इथूनच होते आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात.

बायोलिंक काही अभ्यासांचे ‘शिकवण्याचे डेटासेट’ देते. त्यासाठी पूर्ण करार लागत नाही, छोटा अर्ज पुरतो. फ्रेमिंगहॅमच्या संचात ४,४३४ माणसं आहेत. साधारण सहा-सहा वर्षांच्या अंतराने, १९५६ ते १९६८ च्या दरम्यान झालेल्या तीन तपासण्या आणि २४ वर्षांचा फॉलोअप (पुढे काय झालं याचा पाठपुरावा) त्यात आहे. एकूण ओळी ११,६२७. पहिल्या तपासणीला ४,४३४, दुसरीला ३,९३० आणि तिसरीला ३,२६३ जण आले, त्यांची ही बेरीज. पहिली चूक इथेच होते. एका माणसाच्या तीनपर्यंत ओळी असतात. त्या वेगवेगळ्या व्यक्ती समजून साधं लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही निकालाचा अंदाज बांधणारी पद्धत) चालवलं की आकडेवारी खोटी भक्कम दिसते, कॉन्फिडन्स इंटरव्हल (अंदाजातली अनिश्चितता दाखवणारी कक्षा) अरुंद येतात. आजार झाला की नाही याची खूण त्या माणसाच्या सगळ्या ओळींवर सारखीच लिहिलेली असते, त्यामुळे एकच हार्ट अटॅक तीनदा मोजला जातो. नवशिक्याने आधी फक्त पहिल्या तपासणीच्या ओळी वेगळ्या काढाव्यात आणि त्यांवरच काम करावं.

दुसरी चूक जास्त महाग पडते. ज्यांना पहिल्या तपासणीपूर्वीच हृदयविकार होता त्यांचीही ‘घटना घडली’ अशी नोंद आहे आणि त्यांचा कालावधी शून्य दिवस आहे. नवा आजार कुणाला होतो हा प्रश्न असेल तर ही माणसं आधी वगळायला हवीत. त्यासाठी ‘आधीपासून आजार’ दाखवणारे वेगळे स्तंभ दिलेले आहेत. काही सॉफ्टवेअर शून्य कालावधीच्या ओळी गुपचूप गाळतात, काही ठेवतात. त्यामुळे एकाच डेटावर दोघांची उत्तरं वेगळी येतात आणि दोघेही कारण भलतीकडे शोधत बसतात.

कालावधी दिवसांत आहे आणि तो पहिल्या तपासणीपासून मोजलेला आहे. ज्यांना काहीच झालं नाही आणि जे शेवटपर्यंत हयात होते त्यांच्यापुढे ८,७६६ हा आकडा दिसेल. तो २४ गुणिले ३६५.२५, म्हणजे फॉलोअपचा शेवट. तिसरी तपासणी हा आरंभबिंदू धरून विश्लेषण करायचं असेल (आणि एचडीएल, एलडीएल हे कोलेस्टेरॉलचे प्रकार फक्त तिसऱ्या तपासणीतच असल्याने ते बरेचदा करावं लागतं), तर त्या तपासणीपर्यंतचे दिवस प्रत्येक कालावधीतून वजा करायला हवेत, आणि मधल्या काळात आजारी पडलेले वगळायला हवेत. हे न केल्यास प्रत्येकाच्या खात्यात बारा वर्षांचं फुकटचं निरोगी आयुष्य जमा होतं.

रक्तातल्या साखरेचा स्तंभ उपाशीपोटी घेतलेल्या नमुन्याचा नाही; सहभागी आले त्या वेळी घेतलेल्या रक्ताचा आहे. म्हणून आजचे उपाशीपोटीचे निकष त्यावर लावून मधुमेही आणि मधुमेहपूर्व असे गट पाडू नयेत. उच्च रक्तदाबाची ‘घटना’ही व्याख्येने बांधलेली आहे: उपचार सुरू असल्याचं आढळलेली पहिली तपासणी, किंवा वरचा दाब १४० वा त्याहून जास्त किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त आढळलेली दुसरी तपासणी. म्हणजे ती तारीख दाब वाढल्याची नसते, वाढलेला सापडल्याची असते. हार्ट अटॅकच्या तारखेसारखी ती धारदार नाही, आणि मॉडेलमध्ये दोन्ही सारख्याच पद्धतीने वापरली जातात तेव्हा वाईट वाटतं.

एक गोष्ट ठळक सांगायला हवी. या संचात ओळख पटू नये म्हणून फेरफार केलेले आहेत आणि तो प्रकाशनासाठी नाही, असं सोबत स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी त्यावरचे शोधनिबंध येत राहतात. त्याचीच एक छाटलेली प्रत कॅगल या डेटासेटच्या संकेतस्थळावर फिरते: सुमारे ४,२४० ओळी, दहा वर्षांत हृदयविकार होईल का एवढाच एक हो-नाही स्तंभ, आणि त्यात ६४४ जणांचं उत्तर ‘हो’. मशीन लर्निंगच्या कित्येक विद्यार्थ्यांनी फ्रेमिंगहॅम म्हणून फक्त हीच प्रत पाहिलेली असते. तिच्यात घटना कधी घडली हे नाही, म्हणून सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस (घटना घडेपर्यंतच्या काळाचं विश्लेषण) शक्य नाही. सगळ्यांना ‘नाही’ म्हणणारं मॉडेलसुद्धा तिच्यावर ८५ टक्के अचूक ठरतं, त्यामुळे अचूकतेचा तो आकडा प्रकल्पाच्या पहिल्या पानावर छापण्यात अर्थ नाही. साखरेचा आकडा ३८८ जणांचा नाहीच. रिकाम्या जागा असलेली प्रत्येक ओळ उडवली की साधारण ३,६५० माणसं उरतात, आणि उरलेली माणसं गळालेल्यांसारखीच होती याची काही खात्री नसते. शिकायचंच असेल तर मूळ संच मागवा. त्यासोबत स्तंभांची माहितीपुस्तिका येते, आणि खरी किंमत तिचीच आहे.

पूर्ण डेटासाठीचा अर्ज वेगळा. आधी संस्थेच्या ईमेलवरून खातं काढायचं, मग अभ्यास निवडून ऑनलाइन अर्ज भरायचा. त्यात संशोधनाचा आराखडा आणि डेटा कोणकोण हाताळणार त्यांची नावं द्यायची. एथिक्स कमिटीची मंजुरी किंवा सूट दिल्याचं पत्र जोडायचं. त्याबाबतची अट अभ्यासागणिक बदलते. शेवटी ‘रिसर्च मटेरियल्स डिस्ट्रिब्युशन अ‍ॅग्रीमेंट’ नावाचा करार. त्यावर संशोधकाची आणि संस्थेच्या वतीने सही करण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीची, अशा दोन्ही सह्या लागतात.

अशा अर्जांत गाडी अडते ती बहुधा ठरलेल्या जागी. संस्थेच्या वतीने विभागप्रमुख सही करतात, पण करार संस्था करत असते. ज्यांना संस्थेला कराराने बांधण्याचा अधिकार आहे त्यांचीच सही हवी. विद्यापीठात ते कुलसचिव असतील किंवा संशोधन संचालक असतील, हे आधी विचारून घ्या, कारण ही एक सही मिळवायलाच सर्वांत जास्त वेळ जातो. एथिक्स कमिटीच्या पत्रातलं प्रकल्पाचं नाव आणि अर्जातलं नाव वेगळं असतं. पत्रात डेटासेटचा उल्लेखच नसतो. पत्र फक्त स्थानिक भाषेत असतं. कमिटीकडे जातानाच अर्जातलं शीर्षक शब्दशः द्यावं, बायोलिंककडून येणाऱ्या ओळखविरहित डेटाचं दुय्यम विश्लेषण असं त्यात नमूद करावं आणि इंग्रजी पत्र मागून घ्यावं.

आराखडा छोटा चालतो, मोघम चालत नाही. ‘हृदयविकाराच्या धोक्याच्या घटकांचा अभ्यास’ एवढं लिहून भागत नाही. कोणता प्रश्न, कोणता मुख्य परिणाम, कोणते चल, कोणती पद्धत, हे एका पानात बसवा. दुसऱ्या विद्यापीठातल्या सहकाऱ्याला डेटा पाठवायचा असेल तर त्याच्या संस्थेने स्वतःचा करार करायला हवा. तुमच्या करारावर त्याला फाइल देता येत नाही. सहलेखक म्हणून निष्कर्षांवर चर्चा करणं वेगळं आणि ओळी पाठवणं वेगळं. काही अभ्यासांत सहभागींनी व्यापारी वापराला संमती दिलेली नाही. कंपनीशी जोडलेला प्रकल्प असेल तर हे अभ्यासाच्या पानावर आधी तपासा, नाहीतर बाकी सगळं बिनचूक असूनही अर्ज तिथेच थांबेल.

ही सगळी कटकट कशासाठी, असं वाटणं साहजिक आहे. पण हा डेटा ज्यांच्या शरीराचा आहे त्यांनी संमतीपत्रावर सही करताना काही अटी मान्य केल्या होत्या. नंतर येणाऱ्या प्रत्येकाने त्या पाळाव्यात म्हणून हा करार आहे. कुणाची ओळख शोधायचा प्रयत्न न करण्याची अट त्यात आहे, आणि ती तशी असायलाच हवी.

मंजुरीनंतर येणारं पुडकं उघडण्याचाही एक क्रम आहे. बहुतेक फाइल सॅस या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या स्वरूपात असतात, काही अभ्यासांत सीएसव्हीही. आर किंवा पायथनमध्ये त्या उघडतात, पण दोन गोष्टी हरवू शकतात. एक म्हणजे संकेतांचे अर्थ. सॅस ते वेगळ्या फॉरमॅट फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे डेटात फक्त १ आणि २ दिसतात; फ्रेमिंगहॅममध्ये १ पुरुष आणि २ स्त्री, पण हीच रीत सगळीकडे असेल असं धरू नये. दुसरी म्हणजे रिकाम्या जागांचे प्रकार. सॅसमध्ये ‘विचारलं नाही’, ‘सांगितलं नाही’, ‘लागू नाही’ असे वेगवेगळे रिकामेपण नोंदवता येतात, आणि सीएसव्हीत रूपांतर करताना ते सगळे एकच होऊन बसतात. ‘दिवसाला किती सिगारेट’ या स्तंभात न ओढणाऱ्याचं रिकामेपण आणि उत्तर न देणाऱ्याचं रिकामेपण एक झालं, तर पुढचं सगळं वाकडं जातं.

डेटाच्या आधी तीन कागद वाचावेत: प्रोटोकॉल, तपासणीच्या वेळी भरलेले मूळ फॉर्म, आणि बायोलिंकने केलेली जुळणी-तपासणी. या तिसऱ्या कागदात प्रसिद्ध निबंधातले आकडे आणि साठ्यातल्या डेटावरून आलेले आकडे शेजारी-शेजारी मांडलेले असतात. आमच्या दृष्टीने या सेवेचं सर्वांत मोलाचं अंग हेच. फरक कुठे येतो हे तुम्ही शोधून काढायच्या आधी त्यांनीच सांगितलेलं असतं. फरक येण्याची कारणंही नेहमीची: काही सहभागींनी डेटा पुढे देण्याला संमती दिली नाही म्हणून त्यांना काढलं, तारखांऐवजी दिवसांचे आकडे टाकले, फार मोठं वय किंवा वजन एका गटात बसवलं, थोडी माणसं असलेले वंश एकत्र केले, केंद्रांची नावं झाकली.

स्वतःचा प्रश्न हाती घेण्यापूर्वी मूळ निबंधाचा मुख्य निकाल एकदा काढून पाहावा. स्प्रिंटमध्ये हे छान करता येतं. २०१५ च्या निबंधात ९,३६१ सहभागी आहेत: वरचा दाब १२० च्या खाली ठेवण्याच्या गटात ४,६७८, आणि १४० च्या खाली ठेवण्याच्या गटात ४,६८३. मुख्य घटना अनुक्रमे २४३ आणि ३१९, हॅझर्ड रेशो (दोन गटांत घटना घडण्याच्या वेगाचं गुणोत्तर; १ पेक्षा कमी म्हणजे पहिल्या गटात घटना कमी) ०.७५. हे आकडे जुळले तर तुमचा कोड गट, घटना आणि कालावधी बरोबर वाचतोय. मात्र २०२१ च्या अंतिम निबंधात हॅझर्ड रेशो ०.७३ आहे, कारण नंतर पडताळणी झालेल्या घटना त्यात धरल्या आहेत. तुमच्याकडे कोणती आवृत्ती आहे ते पाहूनच कोणत्या निबंधाशी ताडायचं ते ठरवा.

स्प्रिंट आणि अकॉर्ड जोडून एक मोठा संच करायचा मोह अनेकांना होतो. दोन्हींत १२० आणि १४० हीच लक्ष्यं होती, अकॉर्डच्या रक्तदाब भागात ४,७३३ मधुमेही होते, आणि स्प्रिंटने तर मधुमेहींना घेतलंच नव्हतं, म्हणजे वरवर पाहता एकमेकांना पूरक. पण मुख्य घटनेची व्याख्या वेगळी आहे. अकॉर्डमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू. स्प्रिंटमध्ये याशिवाय हार्ट अटॅकपर्यंत न गेलेला तीव्र कोरोनरी सिंड्रोम (हृदयाचा रक्तपुरवठा अचानक घटणं) आणि तीव्र हार्ट फेल्युअरही मोजलं. जोडायचंच असेल तर घटकघटना सुट्या काढून दोन्हीकडे सारखी व्याख्या स्वतः बांधावी लागेल. दाब मोजण्याच्या पद्धतीकडेही लक्ष हवं: स्प्रिंटमध्ये पाच मिनिटं शांत बसवून स्वयंचलित यंत्राने, बऱ्याच केंद्रांत कुणी जवळ नसताना मोजमाप झालं. दवाखान्यात घाईघाईने घेतलेल्या दाबापेक्षा हा आकडा साधारणपणे कमी येतो. स्प्रिंटमधला १२० आणि ओपीडीच्या कागदावरचा १२० एक धरू नका.

टॉपकॅट मात्र प्रत्येक शिकाऊ विश्लेषकाने मागवावा, असं आमचं ठाम मत आहे. हार्ट फेल्युअर असूनही हृदयाची आकुंचनक्षमता टिकून असलेले ३,४४५ रुग्ण, स्पायरोनोलॅक्टोन विरुद्ध प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी), निकाल २०१४ मध्ये. मुख्य परिणामात हॅझर्ड रेशो ०.८९ आणि फरक सांख्यिकीदृष्ट्या ठरला नाही. आता देशानुसार गट पाडा. अमेरिका खंडातल्या १,७६७ रुग्णांत प्लासिबो गटात मुख्य घटना ३१.८ टक्क्यांना, रशिया आणि जॉर्जियातल्या १,६७८ रुग्णांत फक्त ८.४ टक्क्यांना. एकाच आजाराच्या रुग्णांत एवढी तफावत नैसर्गिक नाही. पुढे रक्ताचे साठवलेले नमुने तपासले, तेव्हा औषध घेत असल्याचं सांगणाऱ्या रशियातल्या बऱ्याच सहभागींच्या रक्तात त्या औषधाचा अंशच सापडला नाही. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. सरकारी पैशाने नुसता डेटा जपला असता आणि नमुने टाकून दिले असते, तर ही शंका कायम शंकाच राहिली असती. या एका संचातून उपगटांचं विश्लेषण, औषध प्रत्यक्ष घेतलं जाणं आणि केंद्रांची गुणवत्ता, हे तिन्ही शिकता येतं. अट एकच: अमेरिका खंडापुरता काढलेला निकाल नंतर सुचलेला आहे हे निबंधात ठळक लिहायचं, कारण ट्रायल तशी आखलेली नव्हती.

नमुन्यांबद्दल थोडक्यातच. डेटा फुकट असला तरी नमुने काढणं, बांधणं आणि पाठवणं याचा खर्च मागणाऱ्यावर असतो. साठा संपणारा असल्याने छाननी जास्त कडक. मागण्याआधी दोन गोष्टी विचारा: रक्त कोणत्या नळीत घेतलं होतं (सीरम, ईडीटीए की सायट्रेट) आणि नमुना किती वेळा वितळवून पुन्हा गोठवला आहे. तुमची चाचणी त्या नळीत चालत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

उणिवा आहेत. ताजा डेटा मिळत नाही: एनएचएलबीआयच्या धोरणानुसार ट्रायलचा डेटा रुग्णांचा फॉलोअप संपल्यापासून तीन वर्षांत किंवा मुख्य निबंधानंतर दोन वर्षांत, जे आधी येईल तेव्हा जमा करायचा असतो. मूळ संशोधकांना हा अवधी देणं योग्य आहे, पण तुमच्या प्रबंधाचं वेळापत्रक त्याप्रमाणे आखा. व्यक्तिगणिक जनुकीय डेटा डीबीगॅप या वेगळ्या साठ्यातून, वेगळ्या अर्जाने मिळतो. तारखा काढून टाकलेल्या असल्याने ऋतू, प्रदूषण किंवा उष्णतेच्या लाटा यांच्याशी हृदयविकार जोडून पाहणं इथल्या डेटावर जमत नाही. जुन्या अभ्यासांची कागदपत्रं स्कॅन केलेली असतात आणि त्यांत शब्द शोधता येत नाही. विश्लेषणात मदत मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. ते या सेवेचं कामच नाही.

गरज लहान असेल तर इकडे येऊही नका. एकाच वेळच्या पाहणीवर भागत असेल तर अमेरिकेच्याच एनहेन्स या राष्ट्रीय आरोग्य-पोषण पाहणीचा डेटा कुठल्याही अर्जाशिवाय उतरवता येतो. पाच लाख माणसं हवी असतील तर ब्रिटनमधला यूके बायोबँक हा साठा आहे, पण तिथे शुल्क भरावं लागतं.

भारतीय वंशाच्या लोकांवरचे निष्कर्ष काढण्यासाठी फ्रेमिंगहॅम वापरू नये, हेही सांगायला हवं. ते लोक मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावचे आणि जवळजवळ सगळे युरोपीय वंशाचे होते. त्या आकड्यांवर बांधलेलं धोक्याचं सूत्र आपल्याकडच्या रुग्णाला तसंच लावणं हे संशोधन नव्हे. ही पोकळी भरण्यासाठी एनएचएलबीआयच्याच पैशातून सॅन फ्रान्सिस्को इथलं कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ यांनी २०१० मध्ये मसाला नावाचा अभ्यास सुरू केला. दक्षिण आशियाई वंशाचे ९०६ जण, पद्धती मेसासारख्या. आकार लहान आहे, आणि एवढ्या मोठ्या समाजासाठी एवढाच का, हा प्रश्न पैसे देणाऱ्यांना विचारत राहायला हवा.

पैशाचा विषय इथे सुटा नाही. फ्रेमिंगहॅमचा मूळ बेत वीस वर्षांचा होता. साठच्या दशकाच्या अखेरीस सरकारी निधी थांबण्याची वेळ आली तेव्हा खासगी देणग्यांवर अभ्यास तगला, आणि १९७१ पासून बॉस्टन विद्यापीठाशी कंत्राट होऊन तो पुढे चालला. २०१३ मध्ये अमेरिकी सरकारने सरसकट खर्चकपात केली तेव्हा या अभ्यासाच्या कंत्राटातून ४० लाख डॉलर, म्हणजे सुमारे ४० टक्के रक्कम गेली आणि कर्मचारी कमी करावे लागले. अशा वेळी ‘डेटा तर जमलेलाच आहे, तोच वापरा’ असं म्हणणारे भेटतात. बायोलिंकची एवढी स्तुती करूनही आम्ही याच्याशी सहमत नाही. चुकलेली तपासणी नंतर कितीही पैसे ओतले तरी घेता येत नाही. त्या वर्षीचा रक्तदाब त्या वर्षीच मोजायचा असतो. फ्रेमिंगहॅमच्या संचात ४,४३४ चे ३,२६३ होतात ते निधी चालू असताना. माणसांना फोन करणारे, घरी जाऊन तपासणारे, मृत्यूची कागदपत्रं मिळवणारे लोक नसतील तर गळती किती वाढेल, हे कॉहोर्ट सांभाळलेल्या कुणालाही कळेल. साठा हा चालू अभ्यासाच्या जोडीला हवा, त्याच्या जागी नको. २५ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी वैज्ञानिक डेटा तयार करणाऱ्या संशोधनाला डेटा सांभाळण्याची आणि वाटण्याची योजना सक्तीची केली आहे. पूर्वी तशी योजना वर्षाला पाच लाख डॉलर किंवा जास्त मागणाऱ्या अर्जांनाच द्यावी लागे. हा बदल चांगलाच, पण डेटा नीट लावून, कागदपत्रांसह जमा करणं हे पूर्णवेळ माणसाचं काम आहे आणि त्याचा पगार अर्जाच्या अंदाजपत्रकात धरलेला असायला हवा.

शेवटी वापर संपवतानाचे नियम. निबंधात ठरलेलं आभारवाक्य द्यायचं: अभ्यासाचं साहित्य एनएचएलबीआयच्या बायोलिंककडून घेतलं आणि निबंधातली मतं त्या अभ्यासाची किंवा संस्थेची असतीलच असं नाही. नियतकालिकाने ‘डेटा जोडा’ म्हटलं तर फाइल चढवू नका. डेटा बायोलिंककडून अर्ज करून मिळतो असं लिहा आणि त्यासोबत तुमचा कोड द्या. कराराला मुदत असते. ती संपण्याआधी नूतनीकरण करा, किंवा सगळ्या प्रती नष्ट करा. लॅपटॉपवरची, विभागाच्या सर्व्हरवरची, आणि जुन्या विद्यार्थ्याच्या पेनड्राइव्हवर राहिलेलीसुद्धा. त्यासाठी पहिल्याच दिवशी डेटा एकाच कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवा आणि कुणी, कधी, कुठे प्रत घेतली याची वही ठेवा.